आपल्या जिल्ह्याने जगाला दिलेला धडा
(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पालक मेळाव्यात बोलावयाचे म्हणजे मुलांच्या अभ्यासावर, निकालावर आणि शिस्तीवर बोलावे, असा रिवाज आहे. कार्यवाह साहेबांनी मला विषयाची मोकळीक दिली. मी व्यवसायाने डॉक्टर आहे. म्हणून त्या मोकळिकीचा फायदा घेऊन मी आज थोडा अवघड विषय आपल्यापुढे मांडणार आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, ज्याला आपल्याकडे बायका ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात, तो होण्याआधीच ओळखून काढण्याची तपासणी, हा तो विषय होय. समोर पुरुष मंडळी बसली आहेत, नववी-दहावीची मुले बसली आहेत, याची मला जाणीव आहे. तरीही मी हा विषय येथेच मांडीत आहे. कारण ही गोष्ट बायकांच्या कुजबुजीतच राहिली, म्हणूनच तिने इतके बळी घेतले.

माझ्या स्वतःच्या घरातून सुरुवात करते. माझी एक खाला परंडा तालुक्यातील एका खेड्यात नांदत होती. पाच मुलांची आई, घरचे सारे करून शेतातही राबणारी. तिची पाळी जाऊन तीन वर्षे झाली होती आणि एके दिवशी तिच्या अंगावरून पुन्हा जाऊ लागले. तिने ते कोणाला सांगितले नाही. शेजारणीला सांगितले, तर ती म्हणाली, “उष्णता झाली असेल, सब्जा भिजवून पी.” खालाने सब्जा प्यायला. पुढे पांढरे पाणी जाऊ लागले, त्याला वास येऊ लागला, कंबर धरली. नवऱ्याला सांगण्याची लाज, मुलगा मोठा झालेला, त्याच्याशी बोलण्याची तर त्याहून लाज. असे आठ-नऊ महिने गेले. शेवटी ती चक्कर येऊन पडली, तेव्हा तिला सोलापूरला नेले. डॉक्टरांनी तपासले आणि खालूजानना बाजूला बोलावून सांगितले की, रोग फार पसरला आहे. त्यानंतर ती सहा महिने जगली. मी त्या वेळी वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात डॉक्टर होऊ घातलेली मुलगी होती, आणि तरी खालाने मला एका शब्दाने विचारले नाही. ही गोष्ट मला आजही टोचते.

आता हा रोग कसा होतो, ते थोडक्यात सांगते. एच.पी.व्ही. नावाचा एक विषाणू आहे. तो पतिपत्नीच्या संबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि तो इतका सर्वसाधारण आहे की, बहुतेकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याची लागण होते. त्यात कोणाच्या चालचलणुकीवर बोट ठेवण्यासारखे काही नाही. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. थोड्या स्त्रियांत मात्र तो टिकून राहतो. अशा स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बदल होऊ लागतो आणि त्या बदलाचा कर्करोग होण्यास साधारणतः दहा ते वीस वर्षे लागतात. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी हा विषाणू आणि हा कर्करोग यांचे नाते दाखवून दिले आणि त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मित्रहो, दहा ते वीस वर्षे! शेतात पीक हाती यावयाला चार महिने लागतात आणि आपण रोज बांधावर जाऊन येतो. येथे रोग दहा-वीस वर्षे आपल्याला मुदत देतो, आणि आपण एकदाही जाऊन पाहत नाही. या मुदतीत त्या स्त्रीला काही दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच त्रास सुरू होण्याची वाट न पाहता, चांगल्या धडधाकट स्त्रीने तपासून घ्यावयाचे असते. या मुदतीत बदललेला भाग सापडला, तर तो गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करता येतो. बहुतेक वेळा त्यासाठी रुग्णालयात राहावे लागत नाही, पिशवी काढावी लागत नाही आणि रोग तेथेच संपतो.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. हे आपल्याच जिल्ह्यात सिद्ध झाले आहे, आणि त्याचीच हकीकत सांगण्यासाठी मी आज उभी आहे.

आपल्या शेजारी, सोलापूर जिल्ह्यात, बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. ज्या थोर अभिनेत्रीचे नाव त्याला दिले आहे, ती नर्गिस १९८१ साली कर्करोगानेच गेली. या रुग्णालयात मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साह्याने १९८७ साली कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. खेड्यापाड्यांतील कर्करोगाची अशी नोंद ठेवण्याचा देशातील हा पहिलाच प्रयत्न होता. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे त्यात होती, म्हणजे तीनपैकी दोन तालुके आपल्या जिल्ह्याचे. कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांना जमवून रोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशय आला तर तपासणीला या म्हणून विनवीत. काही वर्षांतच असे दिसून आले की, या गावांतील स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकर, रोग आटोक्यात असतानाच, रुग्णालयात येऊ लागल्या आहेत. कोणतेही मोठे यंत्र आणले नव्हते. नुसते बोलणे, सांगणे, समजावणे एवढेच झाले होते. शब्दाची ताकद काय असते, हे शाळा चालविणाऱ्या संस्थेला मी वेगळे सांगावयास नको.

त्यानंतर १९९९ साली एक फार मोठे काम हाती घेण्यात आले. डॉ. आर. शंकरनारायणन हे फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत होते, तर बार्शीला डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत होत्या. टाटा स्मारक केंद्राचे डॉक्टर त्यांच्यासोबत होते. प्रश्न असा होता : गरीब, ग्रामीण भागात एखाद्या स्त्रीची आयुष्यात एकदाच तपासणी करता आली, तर तिचा जीव वाचेल काय? आणि वाचत असेल, तर कोणत्या तपासणीने?

यासाठी त्यांनी आपला जिल्हा निवडला. आज तो धाराशिव म्हणून ओळखला जातो. त्या कागदपत्रांत, आणि म्हणून जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत, त्याचे नाव उस्मानाबाद असेच आहे. जिल्ह्यातील ४९७ गावांचे ५२ गट पाडण्यात आले आणि ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची नोंद झाली. गावांच्या गटांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे चार भाग करण्यात आले. पहिल्या भागातील स्त्रियांची एच.पी.व्ही. विषाणूची तपासणी झाली. दुसऱ्या भागात पेशींचा नमुना काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला. तिसऱ्या भागात गर्भाशयमुखाला पातळ केलेले ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखे आम्ल, लावून ते पांढरे पडते की काय हे डोळ्यांनी पाहण्यात आले. चौथ्या भागातील स्त्रियांना रोगाची माहिती आणि उपचाराची ठिकाणे सांगण्यात आली. त्यांची तपासणी मात्र केली गेली नाही, कारण तुलना करावयाची होती. तपासणीचे काम मुख्यतः शिकवून तयार केलेल्या परिचारिकांनी केले.

येथे एक गोष्ट अगत्याने सांगावीशी वाटते. विषाणूच्या तपासणीसाठी ज्यांना बोलाविले, त्यांच्यापैकी शंभरात सुमारे ऐंशी स्त्रिया आल्या. गावागावांतून, कोणी मजुरी बुडवून, कोणी कडेवर मूल घेऊन. आपल्याकडच्या बायका लाजतात, त्या असल्या तपासणीला येणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांना हा आकडाच उत्तर आहे. नीट समजावून सांगणारे कोणी भेटले आणि तपासणारी बाईच असली, तर त्या येतात.

या स्त्रियांची पुढे आठ वर्षे माहिती ठेवली गेली आणि एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात निकाल प्रसिद्ध झाला. ज्या ३४,१२६ स्त्रिया विषाणूच्या तपासणीच्या भागात होत्या, त्यांच्यापैकी ३९ जणींना पुढच्या टप्प्याचा कर्करोग झाला आणि ३४ जणी त्या रोगाने दगावल्या. ज्या भागात तपासणी झाली नाही, तेथे ३१,४८८ स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी ८२ जणींचा रोग पुढे गेलेला होता आणि ६४ जणी दगावल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. दुसऱ्या दोन्ही तपासण्यांनी मात्र एका फेरीत असा स्पष्ट फरक पडल्याचे दिसले नाही.

हा निकाल जगभर गेला. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी विषाणूच्या तपासणीला पहिली पसंती दिली. त्यामागे जो पुरावा होता, त्यात आपल्या जिल्ह्यातील स्त्रियांनी दिलेल्या पुराव्याचे स्थान फार वरचे आहे. परदेशातील एखादी बाई आज या तपासणीमुळे वाचत असेल, तर त्यात आपल्या जिल्ह्यातील कुणा अम्मीचा, कुणा आजीचा वाटा आहे. इतिहासाच्या पुस्तकात हे लिहिलेले नाही, म्हणून आपल्या मुलांना ठाऊक नाही. आज ते ठाऊक व्हावे.

पण भगिनींनो, अभिमानाबरोबर एक काटाही आहे. त्या ६४ स्त्रियांचे काय? त्यांना तपासले असते, तर त्यांतील कित्येक वाचल्या असत्या. हा आक्षेप देशाबाहेरच्या डॉक्टरांनीही जाहीरपणे घेतला. रोग ओळखता येतो हे ठाऊक असताना हजारो स्त्रियांना विनातपासणी ठेवणे न्याय्य होते काय, असा त्यांचा सवाल होता. अभ्यास करणाऱ्यांचे म्हणणे असे की, त्या वेळी या भागात कोणालाच अशी तपासणी मिळत नव्हती आणि तुलनेशिवाय सत्य कळले नसते. दोन्ही बाजू मी आपल्यापुढे ठेवल्या आहेत. निवाडा ज्याने त्याने करावा. मला मात्र एवढेच दिसते की, त्या स्त्रियांचे आपण देणे लागतो. त्यांच्या मरणाने जे ज्ञान मिळाले, ते त्यांच्याच लेकीसुनांच्या उपयोगी पडले नाही, तर ते देणे कसे फिटणार?

आणि ते अजून पुरतेपणी उपयोगी पडलेले नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, देशातील ३० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ज्यांनी ही तपासणी कधी तरी करून घेतली, त्यांचे प्रमाण शंभरात दोनसुद्धा नाही. ज्या देशातून धडा निघाला, तेथेच तो गिरविला जात नाही.

मग आज आपण काय करावे? शासनाच्या कार्यक्रमात ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी तोंडाच्या, आणि स्त्रियांसाठी स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी आहे. आशाताई घरी येऊन माहिती भरून घेतात. त्यांना विचारावे, आरोग्य केंद्रात जावे. तेथे बहुधा व्हिनेगरची, म्हणजे डोळ्यांनी पाहण्याची तपासणी होते. ती कुचकामी आहे, असा माझ्या बोलण्याचा अर्थ कोणी काढू नये. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून टाटा रुग्णालयाने १९९८ पासून हीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली आणि या रोगाचे मृत्यू शंभरात ३१ ने कमी झाले. ती करणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. दहावी-बारावी शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. या सभागृहातील मुलींनी हे लक्षात ठेवावे. दहावी पास झालेली मुलगी माणसांचे प्राण वाचवू शकते. मात्र ही तपासणी एकदा करून थांबू नये, सांगितलेल्या मुदतीत पुन्हा करावी. विषाणूची तपासणी जेथे मिळेल आणि परवडेल, तेथे ती करावी. तिच्यासाठी लागणारा नमुना स्त्रीला स्वतःच्या हाताने, आडोशाला, घेता येतो; जागतिक आरोग्य संघटनेने त्यालाही मान्यता दिली आहे. लाजेची अडचण त्याने बरीच दूर होते.

आपल्या समाजात या बाबतीत तीन बोलणी मी नेहमी ऐकते. पहिले म्हणजे, “हा रोग आपल्यात होत नाही.” मुंबईच्या जुन्या नोंदींत मुस्लिम स्त्रियांत याचे प्रमाण हिंदू स्त्रियांपेक्षा कमी आढळले होते, हे खरे आहे. पुरुषांच्या सुंतेचा त्याच्याशी संबंध असल्याचेही संशोधन आहे. परंतु कमी म्हणजे मुळीच नाही, असे नव्हे. माझी खाला आपल्यातलीच होती. दुसरे बोलणे, “काही निघाले तर?” निघाले, तर उपचार होईल. न निघता आत राहिले, तर मात्र उपाय उरणार नाही. शिवाय एक लक्षात ठेवावे : विषाणू सापडला म्हणजे कर्करोग झाला, असे नाही. आपल्या जिल्ह्यात तपासलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे दहा जणींत तो सापडला. त्यांतील बहुतेकींना कर्करोग नव्हता. पुढची तपासणी तेवढी करावी लागते. तिसरे बोलणे, “त्यापेक्षा पिशवीच काढून टाकू.” शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांच्या पिशव्या तरुण वयातच काढल्या गेल्या, २०१९ साली तो प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाला समिती नेमावी लागली. पांढरे पाणी गेले की कॅन्सरची भीती घालावयाची आणि पिशवी काढावयाची, हा उपचार नव्हे. वेळेवर केलेली साधी तपासणी जशी कर्करोगापासून वाचविते, तशीच ती नको असलेल्या शस्त्रक्रियेपासूनही वाचविते.

पुरुष मंडळींनी हसून सुटका करून घेऊ नये. हीच गोष्ट तुमच्याही शरीराला लागू आहे. तंबाखूचा बार भरणाऱ्याने तोंडातील पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम लगेच दाखवावी. मोठ्या आतड्याचा कर्करोग आपल्या ग्रामीण भागात कमी आहे आणि त्यासाठी शासनाचा असा सार्वत्रिक कार्यक्रमही नाही. पण तोदेखील एका लहानशा मांसल गाठीपासून वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. पुष्कळ देशांत पन्नाशीच्या आसपासच्या स्त्री-पुरुषांच्या शौचातील न दिसणारे रक्त ठरावीक मुदतीने तपासले जाते. आपल्याकडे तर दिसणारे रक्तसुद्धा मूळव्याध म्हणून झाकले जाते. मूळव्याध आहे की आणखी काही, हे डॉक्टरला ठरवू द्यावे.

मुलींच्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट. या विषाणूवर लस आहे आणि ती ९ ते १४ या वयात दिली, तर सर्वांत अधिक उपयोगी पडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली स्वदेशी लस जानेवारी २०२३ मध्ये आली. तुमच्या मुलीच्या वयासाठी कोठे व कशी सोय आहे, हे आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करावयाचीच आहे, कारण लस सर्वच प्रकारच्या विषाणूंना अडवीत नाही.

मुलांनो, आता तुम्हाला एक गृहपाठ देते आणि बसते. आज घरी गेल्यावर तुमच्या अम्मीला, दादीला, खालाला, फुफूला एवढेच विचारा, “तुमची तपासणी झाली का?” मुलींनी विचारावे, आणि मुलग्यांनीही विचारावे. त्यांना लाज वाटेल, त्या विषय बदलतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. पालक बंधूंनो, तुम्ही एक दिवस कामाला सुटी देऊन घरच्या बाईसोबत आरोग्य केंद्राच्या दारापर्यंत जा. आत ती आणि तपासणारी बाई असतील. तीस वर्षांनंतर पहिल्यांदा, आणि पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला तर त्याच आठवड्यात, एवढेच ध्यानात ठेवा.

माझ्या खालाला कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. तुमच्या घरात विचारणारे कोणी तरी असावे, एवढीच इच्छा व्यक्त करते.